टाकीमावशीचा फोटो

ओळंबाकाकांनी जुन्या इमारतींचे फोटो काढायचं ठरवलं ते एका साध्या विचाराने. इमारत हलत नाही, डोळे मिटत नाही आणि फोटो काढून झाल्यावर ‘आता एकटेपणाची सवय झाली का हो?’ असं विचारत नाही. काकू गेल्यापासून काकांचं माणसांपेक्षा भिंतींशी बरं जमत होतं. भिंत निदान मान हलवून सुस्कारा तरी सोडत नाही.

काकांचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. ओळंबा म्हणजे भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधून सोडतो ते वजन. काका आयुष्यभर बांधकाम खात्यात दुसऱ्यांच्या भिंती तपासत राहिले आणि निवृत्तीनंतरही ती खोड गेली नाही. कुणाकडे गेले की चहा येईपर्यंत एक डोळा मिटून दाराची चौकट बघायची आणि चहा पिऊन उठताना, ‘वरून अर्धं बोट बाहेर गेलीय,’ असं सांगून निघायचं. हळूहळू लोकांनी बोलावणं कमी केलं, पण ठेवलेलं नाव काही परत घेतलं नाही.

कॅमेरा मुलीने आणून दिला. ती दुसऱ्या गावी नोकरीला असे. आली की फ्रीज उघडून बघायची, बापाकडे बघायची, पुन्हा फ्रीजकडे बघायची.

‘‘बाबा, दिवसभर करता काय तुम्ही?’’

‘‘बसतो.’’

‘‘आणि?’’

‘‘मधे मधे उठतो.’’

त्यावर ती कॅमेरा घेऊन आली. त्याच सुमारास वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी गावातल्या जुन्या आणि चमत्कारिक वास्तूंच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं मनावर घेतलं होतं. काका पुस्तक बदलायला गेले आणि बोलता बोलता डझनभर फोटो द्यायचं कबूल करून आले. पुस्तक बदलायचं राहूनच गेलं.

आता, काकांना फोटो काढता येत नव्हता अशातला भाग नाही. लग्न झाल्यापासून ते एकच फोटो काढत आले होते. उजवीकडे इमारत, डावीकडे काकू. इमारती बदलत गेल्या, काकू त्याच. काका डोळा लावून इमारतीचा कोपरा आणि फोटोची कड समांतर करत बसायचे. त्यात इतका वेळ जायचा की काकूंचा धीर सुटायचा आणि त्या म्हणायच्या, ‘‘अहो, झालं का?’’ नेमका तेव्हाच काकांचा खटका दाबला जायचा. त्यामुळे अल्बममधल्या झाडून सगळ्या फोटोंत काकूंचं तोंड उघडं. दीपगृहासमोर उघडं, घंटाघरासमोर उघडं, दगडी पुलावर तर चांगलंच उघडं. मुलीने लहानपणी विचारलं होतं, ‘‘आई प्रत्येक इमारतीला रागावते का हो?’’

इमारतींना नावं ठेवायचा नाद काकूंचा. दोन रस्त्यांच्या बेचक्यात एक घर होतं, इतकं चिंचोळं की आत माणसाने कूस बदलायची तर बाहेर येऊन बदलावी. ते ‘कपाट’. बंद पडलेला बर्फाचा कारखाना दोन्ही बाजूंनी फुगलेला होता, तो ‘पोटोबा’. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोर दिसणारी पाण्याची जुनी टाकी, बारीक पायांवर गोल, भरदार अंग घेऊन उभी, ती ‘मावशी’. मावशी जराशी कललेली होती. काकांच्या दृष्टीने हा धडधडीत बांधकामातला दोष होता. काकू म्हणायच्या, ‘‘दोष कसला? शेजारच्या घरात काय चाललंय ते ऐकतेय ती. कान लावलाय.’’ भांडी घासताना त्या मावशीशी बोलतही असत. काका आपल्याशीच बोलताहेत समजून बाहेरच्या खोलीतून ‘हो हो’ म्हणत. दोघांचं, नव्हे तिघांचं, असं उत्तम चाललं होतं.

तर काका पहिल्यांदा गेले ते कपाटाचा फोटो काढायला. समोरच्या फुटपाथावर उभे राहिले, डोळा लावला, कोपरा कडेला समांतर आणला. आणि नुसतेच उभे राहिले. बोट खटक्यावर, पण बोट काही दबेना. का दबत नाही ते त्यांनाही कळेना. कशाची तरी वाट बघितल्यासारखे ते ताटकळत राहिले.

एवढ्यात वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईने त्यांना पाहिलं. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात कॅमेरा आणि चेहऱ्यावर खात्यातला जुना भाव. बाई आत धावली. थोड्या वेळाने घरातला पुरुष खाली आला.

‘‘साहेब, आत या ना. उन्हात कशाला उभे?’’

‘‘मी फक्त फोटो काढतोय.’’

‘‘ते दिसतंच आहे,’’ तो माणूस खचलेल्या आवाजात म्हणाला. ‘‘वरचं पत्र्याचं शेड तात्पुरतं आहे हो. सासऱ्यांच्या हौसेखातर टाकलं होतं.’’

काकांनी परोपरीने सांगितलं की आपण कुणी साहेब नाही, निवृत्त आहोत, हौसेने आलो आहोत. जितकं सांगावं तितका त्या माणसाचा संशय पक्का होत गेला, कारण हौसेने कुणी त्याच्या घराकडे आजवर बघितलं नव्हतं. शेवटी सासरे स्वतः शिडी लावून वर चढले आणि पत्रे उतरवू लागले. पहिला पत्रा धाडकन खाली पडला, काका दचकले आणि दचकण्यात खटका दाबला गेला. असा पहिला फोटो निघाला. निघता निघता काकांच्या तोंडून सवयीने गेलंच, ‘‘गॅलरीसुद्धा डावीकडे उतरलीय बरं का.’’ वळणावरून मागे बघितलं तेव्हा घरातली माणसं गॅलरीकडे बघत उभी होती.

पोटोबाच्या वेळी कुत्रा भुंकला म्हणून बोट दबलं. घंटाघराच्या वेळी घंटा झाली म्हणून. बाकीचे फोटोही असेच कुणीतरी दचकवलं म्हणून निघाले. काकांना वाटलं, वयाने होत असेल. गुडघे आखडतात तसं बोट आखडलं असेल.

खरी गोष्ट कळली ती फोटोवाल्याच्या दुकानात. फोटोवाल्याने सगळे फोटो काउंटरवर मांडले आणि हनुवटी खाजवत बघत राहिला.

‘‘काका, एक विचारू? राग मानू नका.’’

‘‘असं म्हणून लोक रागाचंच विचारतात. विचार.’’

‘‘सगळ्या फोटोंत डावीकडे जागा का सोडलीत?’’

काकांनी बघितलं. कपाट उजवीकडे, डावीकडे मोकळा फुटपाथ. पोटोबा उजवीकडे, डावीकडे मोकळी भिंत. प्रत्येक फोटोत उजव्या हाताला इमारत दाटीवाटीने उभी आणि डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा रिकामी.

‘‘ऊन यायला,’’ काका म्हणाले.

‘‘ऊन?’’

‘‘फोटोत ऊन यायला जागा नको का?’’

‘‘तसं असेल तर असेल,’’ फोटोवाला समजुतीने म्हणाला. ‘‘पण मी काय म्हणतो, कापून टाकू? इमारत छान मधोमध येईल. डावीकडचं काही कामाचं नाही, रिकामंच तर आहे.’’

‘‘खबरदार कात्री लावलीस तर!’’ काका एवढ्या मोठ्याने म्हणाले की पासपोर्टचा फोटो काढायला आत बसलेला गृहस्थ पडदा बाजूला करून बाहेर बघू लागला. काकांनी फोटो गोळा केले आणि ताठ मानेने दुकानाबाहेर पडले. चष्म्याचं घर काउंटरवरच राहिलं. ते न्यायला परत जावं लागलं, आणि परत जाताना मान तेवढी ताठ राहिली नाही.

घरी येऊन त्यांनी जुना अल्बम काढला आणि नवे फोटो शेजारी ठेवून बघितले. जागा बरोबर तेवढीच होती. काकूंच्या खांद्यावरच्या पर्ससकट.

मग उठून काकांनी चहा केला. दोन कप केला, एक प्यायले, दुसराही प्यायले.

ही बातमी काकांनी कुणालाच सांगितली नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती फक्त निम्म्या बिल्डिंगला माहीत होती. फोटोवाला वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांचा जुना विद्यार्थी. हेडमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वर्ग सुटल्याचं त्यांना कुणी कळवलं नव्हतं.

‘‘तुमच्या फोटोंत एक मूलभूत उणीव आहे,’’ ते दारातच म्हणाले. ‘‘प्रमाण. इमारत किती मोठी ते कळायला शेजारी माणूस हवा. मी उभा राहतो.’’

‘‘कशाला उगीच त्रास?’’

‘‘त्रास कसला? आयुष्यभर लोकांना उभं केलंय, आता स्वतः राहतो.’’

आणि ते खरंच राहिले. जुन्या धान्यकोठारापुढे, डाव्या बाजूला, एक हात कमरेवर ठेवून हेडमास्तर पुतळ्यासारखे उभे राहिले. काकांनी डोळा लावला. आखडलेलं बोट काही सुटेना. हेडमास्तर हूं की चूं करेनात. एका कबुतराने त्यांना खरोखरच पुतळा समजून पुतळ्याशी कबुतर जसं वागतं तसं वर्तन केलं, तरी त्यांनी पापणी लववली नाही. शेवटी काकांनाच चक्कर येईल असं वाटलं.

‘‘हेडमास्तर, तुम्हाला कंटाळा नाही येत?’’

‘‘शिस्त!’’ हेडमास्तर ओठ न हलवता म्हणाले.

तो फोटो निघालाच नाही. परत येताना काकांनी मनाशी ठरवलं, पुरे झाला हा उद्योग. ग्रंथपालबाईंना सांगून टाकू की आमच्या बोटाला बरं नाही.

तेवढ्यात जिन्यात समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी भेटल्या. काकू होत्या तेव्हा या दोघी दार उघडं ठेवून आपापल्या घरातून बोलत असत.

‘‘भाऊजी, ऐकलंत का? मावशी चालली.’’

‘‘कुणाची?’’

‘‘अहो, आपली! टाकी. सोमवारी पाडताहेत. कललीय म्हणे.’’

काका कठड्याला धरून उभे राहिले. कललीय हे त्यांनीच वर्षानुवर्षं सांगितलं होतं, पण पाडा असं कधी म्हटलं नव्हतं. अल्बममध्ये देशोदेशीच्या असाव्यात इतक्या इमारती होत्या, पण मावशीचा फोटो एकही नव्हता. काकूच म्हणायच्या, ‘‘तिचा काय काढायचा? रोज दिसते. ती कुठे पळून जातेय?’’

काका घरात शिरले ते थेट स्वयंपाकघरात. खिडकीतून फोटो काढून बघितला. पुढे जाळी. मावशी गजांमागे अशी दिसत होती, जणू तिला भेटायला तुरुंगात आलो आहोत. रस्त्यावरून बघावं तर उंच भिंत आणि त्यावर कोचिंग क्लासची जाहिरात. आवारात गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि आवार पाणीखात्याचं.

पाणीखात्यातल्या बाईंनी काकांचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि संगणकात बघितलं.

‘‘अशी टाकी आमच्याकडे नाही.’’

‘‘नाही कशी? सोमवारी पाडताय ना?’’

‘‘म्हणून तर नाही. पाडायच्या मालमत्ता महिन्याच्या सुरुवातीलाच कमी करतो आम्ही. आता नसलेल्या टाकीच्या फोटोला परवानगी कशी देणार?’’

सरकारी नोकरीत केस पिकवलेल्या काकांना असल्या वळणांची सवय होती. ‘‘बरं, टाकी नाहीच. मग नसलेल्या टाकीचा फोटो काढायला परवानगी लागते कशाला?’’

बाई विचारात पडल्या. मुद्दा त्यांना पटलेला दिसला. ‘‘तुमचं चुकीचं नाही काका. पण हे मी माझ्या अधिकारात नाही सांगू शकत. साहेबांना विचारावं लागेल.’’

‘‘मग विचारा.’’

‘‘साहेब रजेवर आहेत. मंगळवारी येतील.’’

‘‘सोमवारी पाडणार, आणि साहेब मंगळवारी?’’

‘‘आल्यावर नक्की विचारते,’’ बाई मनापासून म्हणाल्या. हेच वाईट होतं. त्या खरंच चांगल्या होत्या.

सोमवारी सकाळी काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. हाकलून देतील, तर निदान नीटनेटक्या माणसाला तरी हाकलून देतील. पण एकट्याने अपमान करून घ्यायचीही सोय नव्हती. जिन्यात वहिनी स्टूल घेऊन उभ्या. ‘‘उंचीवरून चांगला येईल,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्यामागे हेडमास्तर छत्री घेऊन. ‘‘सावली धरायला.’’ खाली फोटोवाला. ‘‘काका, त्या दिवसाचं मनावर घेऊ नका.’’ मग तळमजल्यावरची मंडळी, मग शेजारच्या बिल्डिंगमधली, कारण एवढे लोक चालले आहेत म्हणजे काहीतरी असणारच. आवाराच्या फाटकाशी पोचेपर्यंत काकांच्या मागे मोर्चा झाला होता.

फाटकात ठेकेदार उभा होता. आडदांड गडी, कानाला फोन, मागे क्रेन तयार. मोर्चा बघून तो जरा मागे सरकला. मग त्याची नजर काकांच्या शर्टावर, पिशवीवर आणि कॅमेऱ्यावर गेली आणि त्याने फोन बंद केला.

‘‘आलात का एकदाचे! सकाळपासून वाट बघतोय. काम सुरू करण्याआधीचा फोटो असल्याशिवाय माझं बिल निघत नाही, माहितीये ना? लवकर उरका.’’

काका प्रामाणिक माणूस. त्यांनी तोंड उघडलं, ‘‘मी तो नव्हे...’’

‘‘तेच हे!’’ वहिनी ठासून म्हणाल्या आणि त्यांनी काकांना कोपरखळी मारून फाटकातून आत ढकललं.

इतक्या जवळून मावशी काकांनी कधी बघितली नव्हती. पायांवर शेवाळ, पोटाला जुना निळा रंग, आणि शेजारच्या घराकडे कललेला तो कान. काका स्टुलावर चढले. डोळा लावला. मावशी आपोआप उजवीकडे आली आणि डावीकडे जागा उरली.

हेडमास्तरांनी ती जागा बघितली आणि ते पुढे निघाले.

‘‘तिथे नको,’’ काका म्हणाले.

‘‘अहो पण प्रमाण...’’

‘‘हेडमास्तर,’’ वहिनी हळूच म्हणाल्या, ‘‘तिथे जागा आहे.’’ आणि एरवी कुणाचं न ऐकणारे हेडमास्तर काय समजले कोण जाणे, निमूट मागे फिरले. पण काहीतरी करायलाच हवं म्हणून त्यांनी छत्री उंचावून सगळ्यांना बजावलं, ‘‘कुणी बोलायचं नाही! एक शब्द नाही! त्यांचं चित्त विचलित होतं!’’

सगळे चिडीचूप झाले. आयुष्यात पहिल्यांदा हेडमास्तरांना असा वर्ग मिळाला.

आणि काका अडकले. मावशीचा पाय कडेला समांतर झाला. ऊन बरोबर पडलं. बोट खटक्यावर. आणि चारी बाजूंना शांतता. काका वाट बघत राहिले. एक ढग आला, मावशीवर बसला, उठून गेला. स्टूल डुगडुगलं. काकांच्या कपाळावर घाम आला. आता त्यांना नीट कळलं होतं की आपण कशाची वाट बघतोय, आणि ते कळून उपयोग काहीच नव्हता. असं थोडंच कुणाला सांगता येतं, की बाबांनो, कुणीतरी कंटाळा मला?

काकांना वाटलं, हात खाली घ्यावा, स्टुलावरून उतरावं. जाऊ दे मावशीला फोटोवाचून. काकू तरी कुठे थांबल्या होत्या?

इतक्यात मागून ठेकेदाराचा संयम सुटला. क्रेनचं भाडं चालू होतं, माणसं खोळंबली होती. छातीतून, भसाड्या आवाजात, अख्ख्या आवाराला ऐकू जाईल असा तो ओरडला,

‘‘अहो, झालं का?’’

खट्.

काकांनी कॅमेरा खाली घेतला. डोळे पुसले. घामाने भरले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

‘‘झालं,’’ ते म्हणाले. बरं वाटलं त्यांना ते म्हणताना.

‘‘आता माझी प्रत कधी देताय?’’ ठेकेदार म्हणाला. ती फोटोवाल्याने त्याच दिवशी दिली. तो फोटो ठेकेदाराने खात्यात लावला, आणि त्यामुळे नसलेल्या टाकीचा अधिकृत फोटो आज पाणीखात्यात ओळंबाकाकांच्या नावाने आहे. साहेब मंगळवारी आले आणि त्यांनी परवानगी देता येणार नाही असं कळवलं.

प्रदर्शन छान झालं. मावशीच्या फोटोपुढे लोक थांबत आणि किंचित मान कलती करून बघत. कपाटातलं कुटुंबही आलं होतं. घराच्या मालकाने काकांना ओळखलं आणि गॅलरी पाडली असं घाईघाईने सांगितलं. सासरे मात्र हसले. शेड गेल्यापासून त्यांच्या खोलीत ऊन येत होतं.

मुलगी रजा काढून आली होती. सगळे फोटो तिने एकापाठोपाठ एक बघितले. मावशीपाशी आली तशी मात्र थांबली.

‘‘बाबा, ह्या फोटोबरोबर माझा एक काढा ना.’’

‘‘उभी राहा.’’

फोटो भिंतीवर होता. उजवीकडे जागा होती, डावीकडेही होती. मुलगी डावीकडे जाऊन उभी राहिली. खांद्यावरची पर्स सारखी केली. काकांनी डोळा लावला. मावशीच्या फोटोची चौकट आणि नव्या फोटोची कड समांतर करायला हवी होती. चौकट तिरकी लागली होती, वरून अर्धं बोट तरी. काका एक पाय पुढे घेऊन, एक मागे घेऊन, गुडघ्यात वाकून जुळवत राहिले. ग्रंथपालबाई थांबल्या. मागे रांग झाली.

‘‘अहो बाबा,’’ मुलगी म्हणाली, ‘‘झालं का?’’

खट्.

ती धावत आली आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकली. ‘‘शी! तोंड उघडं आलंय माझं. पुसून टाका हा, दुसरा काढा.’’

काकांनी चष्मा वर करून फोटो बघितला. मग कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला.

‘‘राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘आपल्या घरात असेच येतात.’’